रकानेसाहेब

रकानेसाहेबांना रिकामा रकाना बघवत नसे. कुणाला झुरळ बघवत नाही, कुणाला रक्त बघवत नाही. यांना छापील फॉर्मवरची कोरी चौकट दिसली की यांचा जीव कासावीस व्हायचा. हात आपोआप खिशाकडे जायचा, पेन बाहेर यायचं, टोपण दातात. मान वर छताकडे, डोळे अर्धवट मिटलेले. आणि मग खाली वाकून, अगदी सुबक अक्षरात, ते काहीतरी लिहून टाकायचे. ते खरं आहे का, कुणी सांगितलं, कुणी बघितलं, असले प्रश्न त्यांना पडायचे नाहीत. भरला ना रकाना? झालं तर मग.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांना ओळखणारं कुणीही पहिल्यांदा हेच सांगेल, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. रकानेसाहेब दर गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीचा मोठा डबा आणायचे, कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, सगळं लक्षात ठेवायचे, आणि मला ‘बाळा’ म्हणायचे. मी एकतीस वर्षांची घोडी. अशा माणसाला तोंडावर ‘सर, तुम्ही खोटं लिहिताय’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. माझी अडीच वर्षं रेटली नाही.

आमचं हॉस्पिटल कळंबोलीच्या पुढे, एक्स्प्रेस-वे सुरू होतो त्या अंगाला. लोखंड बाजारात हात चिरलेले हमाल, ट्रेलरच्या धक्क्यानं उडालेले बाइकवाले, तळोज्याच्या कारखान्यांतून डोळे चोळत आलेले कामगार, सगळे आधी आमच्या कॅज्युअल्टीत येणार. दुपारी दोन ते आठच्या शिफ्टला तिथे एकच डॉक्टर. वॉर्डातून बोलावणं आलं की तीच वर पळणार, खाली ॲम्ब्युलन्स आली की तीच खाली पळणार. कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज मोठ्या सिस्टर, मूळच्या साताऱ्याकडच्या, दोन वर्षं दुपारच्या शिफ्टला दुसरा डॉक्टर द्या म्हणून मागे लागल्या होत्या. शेवटी अधीक्षक मॅडम म्हणाल्या, “तोंडी नका सांगू. मोजून दाखवा. पेशंट दारात आल्यापासून डॉक्टर त्याला बघेपर्यंत किती वेळ जातो, ते प्रत्येक पेशंटचं लिहा. फार वेळ जातोय असं निघालं तर मी दुसरा डॉक्टर देते.”

असा तो अभ्यास सुरू झाला. प्रत्येक पेशंटमागे एक फॉर्म. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनं तो भरायचा, मग तो वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या रेकॉर्डच्या खोलीत यायचा, रकानेसाहेब तपासायचे आणि मी कॉम्प्युटरवर चढवायची. फॉर्मवर चाळीसेक रकाने होते, पण जीव दोनच रकान्यांत होता: पेशंट आल्याची वेळ आणि डॉक्टरनं बघितल्याची वेळ. त्या दोन वेळांमधल्या अंतरावर दुपारचा दुसरा डॉक्टर टांगलेला होता. हे मोठ्या सिस्टरना माहीत होतं, मला माहीत होतं आणि रकानेसाहेबांनाही माहीत होतं. दुपारचे फॉर्म नेमके अर्धवट यायचे. आल्याची वेळ कशीबशी खरडलेली, आणि डॉक्टरनं बघितल्याच्या वेळेचा रकाना कोरा.

पहिल्याच आठवड्यात मी असे सात-आठ फॉर्म वेगळे काढून त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, सर, हे खाली परत पाठवू या का? ते असे दचकले की मी जणू कुणाची तक्रार पोलिसात नेत होते. “नको गं बाळा. त्या पोरी आधीच मरमर मरतायत. परत पाठवलं की इन्चार्ज ओरडणार, कुणालातरी मेमो मिळणार. कशाला कुणाचं वाईट करायचं?” टोपण दातात गेलं, मान वर गेली आणि दोन मिनिटांत आठही फॉर्म भरून तयार झाले. एकात नऊ मिनिटं, एकात अकरा, एकात सात.

मी बघतच राहिले. ते हसले आणि मला शिकवायला लागले. “सगळीकडे दहा नाही लिहायचे. नैसर्गिक दिसलं पाहिजे. एक आठ, एक बारा, मध्येच एखादा सतरा. माणसांचं काम आहे, मागेपुढे होणारच.” हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणजे आपण काय करतोय ते या गृहस्थांना चांगलं कळत होतं. नुसता भोळसट माणूस असता तर मी कधीच माफ करून टाकला असता.

आणि माझं काय? मीही भरले की! लपवत नाही. पहिले सहा महिने मी सुद्धा छताकडे बघून आठ, बारा, सतरा असं लिहीत बसले. नोकरी नवी होती, नावड्याच्या कॉलनीतून हॉस्पिटल रिक्षानं वीस मिनिटांवर, घरात बाबा रिटायर झालेले. वर साहेब पाठ थोपटून म्हणायचे, “तुझा हात बसला हं आता.” मला चक्क बरं वाटायचं! आज आठवलं की कानशिलं तापतात. नंतर मी भरणं सोडलं, म्हणजे काय केलं? कोरे फॉर्म गपचूप त्यांच्या टेबलावर सरकवायचे आणि पाणी प्यायला उठायचं. परत येईपर्यंत भरलेले असायचे. याला मी प्रामाणिकपणा समजत होते. वा रे वा!

बेशुद्ध आलेल्या, बरोबर कुणी नसलेल्या माणसाचं वय साहेबांच्या हिशेबात कायम पस्तीस. ट्रकवाला पस्तीस, पुलाखाली सापडलेला पस्तीस. एकदा एक सरदारजी ड्रायव्हर आले, दाढी छातीपर्यंत आणि पांढरीशुभ्र. वय पस्तीस! मोठ्या सिस्टर काही कामानं वर आल्या होत्या, त्यांनी फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, “अहो साहेब, निदान त्याच्या दाढीला तरी विचारायचं.” साहेब मनापासून हसले, खिचडीचा डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि पस्तीसचे साठ केले. आता साठ तरी कुणी सांगितले होते? पण सिस्टर खिचडी खात होत्या, मीही खात होते, आणि विषय तिथेच संपला.

घरी सुद्धा हीच तऱ्हा. गणपतीला त्यांच्या कामोठ्याच्या फ्लॅटवर आम्ही सगळे गेलो होतो. खाली गेटवर वॉचमनकडे पाहुण्यांची वही असते, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहायची. हे सोसायटीचे सेक्रेटरी. बाहेर जाताना सही करायची विसरलेल्या लोकांच्या वेळा रविवारी सकाळी चहा पिता पिता हे स्वतः भरायचे, असं वॉचमननंच कौतुकानं सांगितलं. वर गेलो तर त्यांची बायको आत स्वयंपाकघरात मला म्हणाली, “मला डायबेटिस आहे ना, रोज सकाळी शुगर तपासून वहीत लिहायची असते. मी विसरते एखादे दिवशी. पण वहीत रोजची असते बघ. आणि यांनी लिहिलेली कायम छान असते. डॉक्टर म्हणतात, एवढी कंट्रोलमध्ये आहे तर पाय का बधिर होतात?” ती हसून सांगत होती. मी प्रसादाची वाटी हातात धरून उभी होते आणि मला त्या माणसाची पहिल्यांदा खरोखर किळस आली.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, खालून फोन आला की तुझ्या बाबांना आणलंय.

शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी आणलं होतं. छातीत दुखत होतं, घाम फुटला होता. आई घर बंद करून, पैसे आणि आधार कार्ड शोधून मागून येणार होती. मी जिने उतरून खाली गेले तर कॅज्युअल्टीत नुसता आकांत. टेम्पो आणि ट्रेलरची धडक झाली होती, तिघं एकदम आले होते, त्यातल्या एकाच्या पायाकडे बघवत नव्हतं. डॉक्टर एकटी, कोपरापर्यंत हातमोजे लाल, बरोबर दोन सिस्टर. बाबा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, लग्नाच्या पंगतीत वाढायची वाट बघत बसावं तसे. मी सिस्टरला हाक मारली, तिनं मान हलवली पण तिला हात सोडताच येत नव्हता, त्या माणसाचं रक्त दाबून धरलं होतं तिनं. मी डॉक्टरकडे धावले. ती ओरडली, “दोन मिनिटं! प्लीज, दोन मिनिटं!”

“बाय, तू नको धावू,” बाबा म्हणाले. “मना काय नाय झालंय. त्यांचं रगात चाललंय, त्यांना बगू दे आदी.”

बाबा मिठागरात राबलेले, नंतर तळोज्याच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं काढलेले. कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही खिडकीवर आपण होऊन आवाज न देणारा माणूस. त्यांच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघत होते, दुसरं काय करणार? मी खाली आले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, बाबा नुकतेच आत आले होते. डॉक्टर त्यांच्यापाशी आली, कार्डिओग्राम काढला, तेव्हा चार वाजून पाच. पट्टी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. त्यांना आयसीयूत नेलं. आई तेव्हा कुठे येऊन पोचली. बुधवारी दुपारी बाबा गेले.

डॉक्टरवर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. तिला दोनच हात होते. लवकर बघितलं असतं तर वाचले असते का, हे मला कुणी सांगू शकणार नाही, आणि मी विचारतही नाही. पण पंचावन्न मिनिटं ते त्या बाकावर बसले होते, आणि हे मी घड्याळात बघितलं होतं.

रकानेसाहेब आमच्या घरी दोनदा आले. एकदा त्याच दिवशी आणि एकदा दहाव्याला. दहाव्याला ते आईपाशी बराच वेळ बसले होते, मी मागच्या दारी बायकांबरोबर कामात होते. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरलेले होते. मला मेलीला तेव्हा त्यांचं बरंच वाटलं.

तेरावं करून मी कामावर गेले. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा साचला होता आणि त्यात बाबांचा फॉर्म होता. नाव, वय, पत्ता. आल्याची वेळ होती, तीन वाजून दहा; डॉक्टरनं बघितल्याची नव्हती. कोरा रकाना. मी पेन घेतलं आणि चार वाजून पाच असं लिहिलं. अडीच वर्षांत त्या रकान्यात मी पहिल्यांदा घड्याळात बघितलेली वेळ लिहिली होती.

साहेबांनी तो फॉर्म बघितला. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, आवाज अगदी खाली आणला. “बाळा, ही वेळ आपल्याला धरता नाही येणार गं.”

“का? मी तिथे होते, सर. मी घड्याळ बघत होते.”

“तेच तर. तू घरची आहेस. घरच्या माणसाला दोन मिनिटं सुद्धा तासासारखी वाटतात. अभ्यासात असं चालत नाही. उद्या कुणी म्हणेल, हिनं स्वतःच्या वडलांचं म्हणून वाढवून लिहिलं. शास्त्र आहे हे.”

शास्त्र! अडीच वर्षं छताकडे बघून वेळा पाडणारा हा माणूस मला शास्त्र सांगत होता. मी फॉर्ममागे टाचलेली कार्डिओग्रामची पट्टी काढून पुढे धरली, मशिननं त्यावर वेळ छापलेली असते. चार वाजून पाच. ते पट्टीकडे बघून हळहळले आणि म्हणाले, “मशिनचं घड्याळ पुढे असेल.” मग टोपण दातात गेलं. मान वर गेली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझा आकडा हळुवारपणे खोडला आणि शेजारी सुबक अक्षरात तीन-बावीस लिहिलं. बारा मिनिटं. माझ्या बापाला बारा मिनिटांत डॉक्टरनं बघितलं! वर म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस.” आणि खरं सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याची मला इतकी चीड आली की मी उठून बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर हात आपटला.

त्याच आठवड्यात त्यांनी अहवाल बांधून तयार केला. डॉक्टरनं बघायला लागणारा वेळ अगदी समाधानकारक. दुपारच्या शिफ्टला तर सकाळपेक्षाही चांगला! तो आकडा वाचून मला हसू आलं, मग ते हसू गेलं. दुपार चांगली का दिसत होती? कारण दुपारी कोरे रकाने जास्त होते आणि साहेबांचे आठ-बारा-सतरा जास्त पडले होते.

मी मूळ फॉर्म काढून बसले. साहेबांचं अक्षर एवढं सुंदर की ते लपणं शक्यच नव्हतं. सिस्टरांची घाईची खरड वेगळी, यांचं ते छापल्यासारखं लिहिणं वेगळं. साहेबांनी भरलेला प्रत्येक फॉर्म मी बाजूला काढला. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत हेच केलं. आणि मग जे दिसलं ते इतकं उघड होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. कोरे रकाने वाटेल तेव्हा राहत नव्हते. तिघं-चौघं एकदम आले, डॉक्टर वॉर्डात अडकली, की रकाना कोरा. सिस्टरला घड्याळाकडे मान वळवायची सवड नसते तेव्हाच तो कोरा राहतो. आम्हाला जे मोजायचं होतं ते त्या कोऱ्या जागांत होतं, आणि आम्ही ते पुसून, वर खिचडी खात बसलो होतो.

मी दोन्ही गठ्ठे उचलून मोठ्या सिस्टरांकडे गेले. माझेही सहा महिने त्यात आहेत, हेही सांगितलं. त्यांनी फॉर्म चाळले. मग म्हणाल्या, “पोरी, दोन वर्षं मी भांडले. आणि हा बाबा माझ्याच फॉर्मांवर बसून मलाच खोटं पाडतोय व्हय? चल वर.”

अधीक्षक मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. मॅडमनी दोन गठ्ठे बघितले आणि साहेबांना सरळ विचारलं, “या वेळा कुठून आल्या?” मला वाटलं, आता तरी हा माणूस सरळ बोलेल. एवढा कनवाळू, कुणाचं वाईट न बघवणारा! साहेबांनी घसा खाकरला, रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाले, “सिस्टरांना विचारून. त्यांच्या अंदाजानं.”

ज्यांना मेमो मिळू नये म्हणून रकाने भरले, त्यांच्याच गळ्यात पहिल्या झटक्यात दोर अडकवला! मोठ्या सिस्टर खुर्चीतून उठल्याच. “मला विचारून? त्या टायमाला मला श्वास घ्यायला सवड नव्हती, अंदाज कुठनं देऊ तुम्हाला? नाव सांगा. कुठल्या सिस्टरला विचारलं, एक नाव सांगा.” साहेबांना नाव सांगता येईना. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना एक रिकामी जागा भरता आली नाही. ते नुसते पुटपुटत राहिले, “कुणाचं वाईट दिसू नये म्हणून केलं हो मॅडम. माझा काय फायदा होता यात?”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, “भरलेलं सगळं काढ. तुझंही काढ. कोरं ते कोरं राहू दे, आणि कुठल्या वेळी किती कोरं आहे ते वेगळं दाखव. गेटवरची गाड्यांची वही घे, कार्डिओग्रामच्या पट्ट्या घे, जिथे वेळ खात्रीनं मिळते तिथेच लिही.” मी विचारलं, माझ्या वडलांचा फॉर्म? “पट्टी आहे ना? गेटच्या वहीत रिक्षा आहे ना? मग तू घरची असलीस काय न् नसलीस काय.”

दोन महिने ते काम चाललं. मॅडम म्हणाल्या तसं, इतकी भोकं असलेला अभ्यास कुठे छापून येणार नव्हता, आणि आला नाही. हा अभ्यास घेऊन डॉक्टरांच्या परिषदेत पोस्टर लावायची साहेबांची हौस राहून गेली. पण दुपारच्या कोऱ्या जागांची ती उतरंड बघून व्यवस्थापनानं दुपारच्या शिफ्टला दुसरा डॉक्टर दिला. त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी कॅज्युअल्टीत पेढे वाटले आणि कोपऱ्यात जाऊन रडल्या.

रकानेसाहेबांना कुणी काही केलं नाही. अशा माणसांना कुणी काही करत नाही. नेमक्या तेवढ्यात त्यांना बेलापूरकडे एका मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली, पगार जास्त, हुद्दाही वरचा. त्यांच्या बायोडेटात एकही चौकट कोरी नसणार, याबद्दल मला शंका नाही. निरोपाला अर्ध्या सिस्टर रडल्या. माझ्यापाशी येऊन म्हणाले, “बाळा, माझं चुकलं असेल. पण मी कधी कुणाचं वाईट केलं नाही गं.”

“केलंत सर,” मी म्हटलं. अडीच वर्षांनी जीभ रेटली. “तुम्ही खूप वाईट केलंत.”

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. मला जरासुद्धा दया आली नाही. उलट तिथेच उभं राहून अजून चार गोष्टी सुनवाव्यात असं वाटत होतं.

तो नवा तक्ता मी छापून घेतला आणि त्याच संध्याकाळी घरी नेला. त्यात नावं नसतात, नुसते नंबर, पण कुठला नंबर बाबांचा ते मला माहीत होतं, आणि त्याच्यापुढे पंचावन्न लिहिलेलं होतं. आईला दाखवायचं होतं. सांगायचं होतं की बघ, बाबांची खरी वेळ आम्ही लिहिली, आणि आता दुपारी दोन डॉक्टर असतात. त्या मंगळवारबद्दल आम्ही दोघी कधी बोललोच नव्हतो. तिनं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

आई ओट्यापाशी बोंबील साफ करत बसली होती. मी म्हटलं, आमचे साहेब आज सोडून गेले.

“गेला? चांगला मानूस व्हता गो,” आई म्हणाली. “दहाव्याला आला तवा मी इचारलं त्याला. मना तेच खात व्हतं दिवसरात. तुजा बाबा कोनाला हाक मारनारा नाय. दुकत असंल तरी गप बसून ऱ्हायला असंल कोपऱ्यात, कोन बगतंय त्याच्याकडं. मी मागं ऱ्हायले ना घरात, कागदं शोधत. पन तो सायब बोलला, नाय हो आई, आल्या आल्या आत घेतला, डाक्टर त्याच्यापाशीच व्हती. तवा कुठं माझा डोळा लागला.”

तक्त्याची घडी माझ्या हातात होती. आईनं हात पदराला पुसले आणि वर बघितलं.

“तू व्हतीस ना गो तितं, बाय? तसंच झालं ना?”

मी रकानेसाहेबांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घातली. मग म्हणाले, “हो आई. आल्या आल्या घेतलं त्यांना.”